तोट्यातल्या गणपती कारखान्याला बाहेरची मदत : कोणाची, कधी आणि कोणत्या अटींवर

गणपतीचा कारखाना चालवणारा माणूस बहुतेक वेळा आधी कलाकार असतो, मग मालक. माती, साचा, रंग, आखणी (डोळे-भुवयांचं बारीक रंगकाम) यात त्याचा हात धरणारं कोणी नसतं. उधारीची वही, बँकेचे हप्ते आणि व्यापाऱ्यांचे फोन मात्र त्याला मेटाकुटीला आणतात. हा लेख अशा कारखान्यांसाठी आहे. पेण, हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यातले असोत किंवा दुसरीकडचे. घरची दोन-तीन माणसं, चार ते दहा कारागीर, वर्षाला हजार ते पाच हजार मूर्ती. माल जातो, गिऱ्हाईक खूश असतं, आणि विसर्जन झाल्यावर हातात काही उरलेलं नसतं.

अशा वेळी पहिला विचार कर्जाचा येतो. तो शेवटी करायचा. तोटा कुठून होतोय हे कळायच्या आत पैसा आला की तो मागची देणी फेडण्यात जातो आणि पुढच्या हंगामात जुना तोटा तसाच राहून वर नवा हप्ता बसतो. म्हणून क्रम असा ठेवा : आधी हिशेब, मग माणूस, मग करार, आणि सगळ्यात शेवटी पैसा.

१. कोणाला बोलावण्याआधी तीन याद्या करा

हे काम अनंत चतुर्दशीनंतरच्या पंधरवड्यात सगळ्यात सोपं जातं. गोडाऊन रिकामं असतं आणि कोणाकडे किती बाकी आहे हे डोक्यात ताजं असतं. हंगामाच्या मध्यात अडकला असाल तरी एक रविवार काढा.

पहिली यादी मालाची. साइजप्रमाणे मोजा : ८ इंच, १२ इंच, १५, १८, दोन फूट आणि त्यावरच्या. प्रत्येक साइजमध्ये कच्च्या किती, पांढरा मारलेल्या किती, रंगवलेल्या किती. शाडू वेगळी, पीओपी वेगळी. साचेही मोजा, कोणता रबराचा, कोणता प्लास्टरचा, कोणत्या वर्षी केला. प्रत्येक साच्याचा फोटो काढून नंबर द्या. ही साच्यांची यादी पुढे करारात लागणार आहे.

दुसरी यादी येण्यांची. व्यापाऱ्याचं नाव, रक्कम, कोणत्या वर्षाची, आणि कागद काय आहे : बिल, चलन (माल पाठवल्याची चिठ्ठी), व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज, की नुसता शब्द. दोन हंगामांपेक्षा जुनी बाकी वेगळ्या पानावर लिहा. ती आलीच तर आनंद आहे, पण तिच्या भरवशावर या वर्षाचं काही ठरवायचं नाही.

तिसरी यादी देण्यांची. बँक, पतपेढी, सावकार, रंगवाला, मातीवाला, आणि सोनं गहाण असेल तर तेही. कारागिरांना दिलेली उचल ही खरं तर येणी, पण ती इथेच वेगळ्या रकान्यात लिहा. उचल घेतलेला कारागीर दुसऱ्या कारखान्यात गेला असेल तर ती रक्कम बुडीत धरा.

२. एका मूर्तीचा खरा खर्च काढा

बारा इंची मूर्तीचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

माती किंवा प्लास्टर आणि काथ्या ६०, भरणी (साचा भरायची मजुरी) ४०, फिनिशिंग ३०, रंग आणि रंगकाम १२०, आखणी ४०, खडे-मुकुट ३०, पॅकिंग २०. झाले ३४०. इथपर्यंत सगळेच मोजतात. यात जागाभाडं, वीज, गाडीचं डिझेल आणि घरच्या माणसांची मजुरी यांचा वाटा धरा, समजा ६०. झाले ४००. शंभरातल्या पाच मूर्ती मोडतात किंवा टवके उडून परत येतात, म्हणजे उरलेल्या ९५ मूर्तींवर शंभरांचा खर्च पडतो : ४२१. व्यापाऱ्याला भाव दिला ४२५. कागदावर चार रुपये सुटले.

आता व्याज. जानेवारीत घातलेले ४०० रुपये सप्टेंबरात परत येणार असतील आणि ते महिन्याला शेकडा दोनने उचललेले असतील, तर आठ महिन्यांचे ६४ रुपये त्या एका मूर्तीवर चढले. चार रुपये नफ्याची मूर्ती प्रत्यक्षात साठ रुपये तोट्यात गेली. अशा दोन हजार मूर्ती केल्या की १ लाख २० हजार गेले, आणि मालकाला वाटतं की धंदा भरपूर झाला पण पैसे कुठे गेले कळत नाही.

मोठ्या साइजमध्ये हेच गणित वेगळं येतं. बरेचदा दोन फुटी मूर्ती कारखाना चालवत असते आणि ८ इंची तो बुडवत असते, कारण आखणीला दोन्हींना जवळपास तेवढाच वेळ लागतो. आखणी करणारा चांगला हात कारखान्यात एखादाच असतो. त्याचा एक दिवस कोणत्या साइजवर किती रुपये देतो, हा आकडा काढलात तर पुढच्या वर्षी कोणत्या साइजची संख्या कमी करायची ते समोरच दिसेल.

३. दुखणं कुठलं, त्यावर माणूस ठरतो

याद्या आणि खर्च समोर आले की साधारण चारांपैकी एक चित्र दिसतं.

भाव खर्चाखाली असेल तर तुम्हाला हिशेबनीस हवा. पूर्ण वेळ नको; आठवड्यातून दोन संध्याकाळी येणारा, गावातल्या एखाद्या दुकानाचे हिशेब लिहिणारा माणूस पुरतो. सीए हा वेगळा माणूस. तो वर्षाचं रिटर्न भरतो, रोजची वही लिहीत नाही. अनेक जण सीएला पैसे देतात आणि आपले हिशेब लिहिले जातात असं समजतात. हिशेबच नसेल तर सीए तुमच्या तोंडी आकड्यांवर अंदाजाने रिटर्न भरतो, आणि बँक तेच रिटर्न बघून कर्जाची मर्यादा ठरवते.

भाव बरोबर आहे पण उधारी अडकली आहे, तर वसुली आणि डिलिव्हरी सांभाळणारा माणूस हवा. हा शक्यतो नात्यातला नसावा. व्यापाऱ्याशी तुमचे वीस वर्षांचे संबंध असतात म्हणूनच तुमच्याच्याने मागवत नाही. बाहेरच्या माणसाला ती भीड नसते.

सगळा माल एका-दोघा व्यापाऱ्यांकडे जातो आणि तेच भाव पाडतात, तर विक्रीसाठी मदत हवी. थेट सोसायट्या, मुंबई-पुणे-ठाण्यातले स्टॉलवाले, परगावची महाराष्ट्र मंडळं. इथे फोटो काढून यादी बनवणारा, फोनवर नीट बोलणारा तरुण मुलगा किंवा मुलगी मोठ्या एजन्सीपेक्षा बरी. डिजिटल मार्केटिंगचं पॅकेज विकणारे लाइक आणून देतात, बयाणा आणून देत नाहीत.

चौथं चित्र म्हणजे मालक स्वतः दिवसभर फोनवर आणि रस्त्यावर, आणि कारखान्यात काम बघायला कोणी नाही. मग हंगामी मॅनेजर : फेब्रुवारी ते भाद्रपद.

दोन-तीन दुखणी एकदम असतील (असतातच) तरी पहिल्या वर्षी एकच माणूस घ्या. माझं मत विचाराल तर तो हिशेबनीस. वसुली कोणाकडून किती करायची, कोणत्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं, हे त्याच्या वहीशिवाय बाकीच्यांना कळणार नाही.

सल्ल्यापुरती मदत फुकट किंवा थोडक्या पैशांत मिळते. जिल्हा उद्योग केंद्र (रायगडचं अलिबागला) योजना आणि कागद सांगतं. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र प्रशिक्षण घेतं. पुण्याची देआसरा फाउंडेशन छोट्या उद्योगांना नोंदणीपासून मार्गदर्शनापर्यंत मदत करते. यातलं कोणी येऊन तुमची वही लिहिणार नाही, हे धरून जा.

४. भांडवल घालणारा व्यापारी : इथे थांबा

कारखाना अडचणीत आला की हमखास एखादा घाऊक व्यापारी म्हणतो, ‘शेठ, माल मी उचलतो, पैसे आत्ता देतो, तुम्ही फक्त काम करा.’ ही मदत दिसते, पण अटी बघा. भाव तो ठरवणार, माल दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि उरलेला माल परत तुमच्या गळ्यात. दोन हंगामांत मालक आपल्याच कारखान्यात मजुरीवर येतो. तिसऱ्या वर्षी साचेही त्याच्याकडे जातात, कारण नव्या साच्यांचे पैसे त्याने घातलेले असतात.

घ्यायचीच असेल तर चार गोष्टी लिहून घ्या : जास्तीत जास्त निम्मा माल त्याला, भाव साइजप्रमाणे डिसेंबरात ठरलेला, आणि माल परत घेणार नाही. चौथी, साचे कोणाच्याही पैशांनी झाले तरी मालकी कारखान्याची. यातली एक जरी गोष्ट त्याला मान्य नसेल तर नमस्कार करा.

५. कागद गोळा करा

माणूस असो, बँक असो की सरकारी योजना, हेच कागद सगळीकडे लागतात. एका फाइलमध्ये मूळ, एकीत झेरॉक्स :

- आधार (मोबाइल नंबर जोडलेला, नसेल तर आधी ते करा) आणि पॅन
- उद्यम प्रमाणपत्र (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं)
- गेल्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट
- दोन वर्षांची आयकर रिटर्न
- जागेचा कागद : भाडेकरार, घरपट्टी किंवा आठ-अ, आणि वीजबिल
- ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा दाखला
- असतील ते सगळे कर्जमंजुरीचे कागद आणि हप्त्यांची तारीख
- पायरी १ च्या तीन याद्या

उद्यम नोंदणी नसेल तर ती घरबसल्या आधार आणि पॅनवर होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. सरकारी वाटणारी वेबसाइट हजार-दोन हजार मागत असेल तर ती खासगी एजंटची आहे. पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो का बघा. नोंदणी करताना व्यवसाय ‘उत्पादन’ असा निवडा. घाईत ‘व्यापार’ निवडला जातो आणि मग उशिरा मिळालेल्या पैशांवर व्याज मागायचा हक्क हातचा जातो. तो हक्क काय, ते पायरी ९ मध्ये.

जीएसटीबद्दल थोडक्यात. मालाच्या धंद्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि सगळी विक्री राज्यातच असेल तर सहसा नोंदणीची सक्ती नाही. मातीच्या मूर्ती करमुक्त यादीत आहेत. पीओपी, फायबर किंवा सजावटीचा माल असेल तर दर आणि कोड सीएकडून लिहून घ्या, तोंडी नको.

६. माणूस निवडताना

जाहिरात देऊ नका. रंगवाल्याला, पॅकिंगच्या खोकेवाल्याला, बँकेतल्या क्लार्कला विचारा : पैशाच्या बाबतीत सरळ माणूस कोण? हे तिघं गावातल्या प्रत्येक धंद्याची नाडी ओळखून असतात.

चाचणी घ्या. गेल्या वर्षाची वीस-पंचवीस बिलं, चलनं, चिठ्ठ्या द्या आणि सांगा : कोणाकडून किती येणं आहे ते एका पानावर काढून दे. यासाठी वेगळे पैसे द्या. चांगला माणूस दोन दिवसांत पान आणतो आणि त्यासोबत प्रश्न आणतो : ‘या चलनावर सही नाही’, ‘या व्यापाऱ्याला दोनदा माल गेलाय पण बिल एकच आहे’. ज्याला एकही प्रश्न पडला नाही, त्याने कागद वाचलेले नाहीत.

मानधनाची पद्धत रकमेपेक्षा महत्त्वाची. हिशेबनिसाला महिन्याचं ठरावीक. विक्री किंवा वसुलीच्या माणसाला थोडं ठरावीक आणि वर टक्के, पण ते जमा झालेल्या पैशावर, ऑर्डरवर कधीच नाही. ऑर्डरवर कमिशन दिलं की तो उधारीवर वाट्टेल त्याला माल देईल; त्याचं कमिशन झालं, तुमची बाकी वाढली. जुन्या, दोन हंगामांच्या बाकीवर शेकडा पाच ते दहा द्यायला हरकत नाही. या वर्षीच्या मालावर त्याहून बरंच कमी.

७. करार, दोन पानांचा

पाचशेच्या मुद्रांकावर, दोन साक्षीदार. वकिली भाषा नको. हे मुद्दे मात्र हवेत :

- काम काय आणि काय नाही. ‘मॅनेजर सगळं बघेल’ हे वाक्य भांडणाचं मूळ आहे. ‘सोमवार आणि गुरुवारी वही पूर्ण करेल, चलन बनवेल, दर शनिवारी बाकीची यादी देईल’ असं लिहा.
- भावाची खालची मर्यादा, साइजप्रमाणे. त्याखाली द्यायचं तर तुमचा लेखी होकार.
- रोख पैसे घ्यायचे की नाही. शक्यतो नाहीच. घेतलेच तर त्याच दिवशी बँकेत.
- साचे, डिझाइन, फोटो, गिऱ्हाइकांची यादी, कारखान्याचा फोन नंबर : मालकी कारखान्याची. जाताना परत.
- साच्याची नक्कल किंवा मास्टर मूर्ती (जिच्यावरून साचा काढतात ती) बाहेर न्यायची नाही.
- सोडून जायचं तर एक महिन्याची नोटीस, आणि आषाढ लागल्यापासून अनंत चतुर्दशीपर्यंत कोणत्याही बाजूने नोटीस चालणार नाही. हे कलम लोक विसरतात. ऐन श्रावणात मॅनेजर गेला तर कोणाचा बयाणा किती आलाय हे सांगणारं कोणी उरत नाही.

सही करायचा अधिकार, चेकबुक आणि ओटीपी येणारा मोबाइल तुमच्याकडेच. नेट बँकिंगमध्ये नुसतं बघायची सोय देता येते, ती द्या. भिंतीवरचा आणि स्टॉलवरचा क्यूआर कोड कारखान्याच्या चालू खात्याचाच आहे का, हे स्वतः एक रुपया पाठवून तपासा. मदतनिसाच्या खात्याचा क्यूआर ‘तात्पुरता’ लागतो आणि हंगामभर तसाच राहतो. त्यात लबाडी नसली तरी नंतर कोणती रक्कम कोणाची हे जुळवता जुळवता नाकी नऊ येतात.

८. आता पैसा

इथपर्यंत आलात तर किती पैसा, कशासाठी आणि कधी परत, हे तुम्हाला आकड्यात सांगता येईल. बँकेला तेच हवं असतं.

पीएम विश्वकर्मा, कारागिरांसाठीची केंद्र सरकारची योजना. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ पारंपरिक व्यवसायांत मूर्तिकार आणि कुंभार दोन्ही आहेत. नोंदणी सीएससी केंद्रात (सरकारी ऑनलाइन कामं करून देणारं सामाईक सेवा केंद्र), फुकट. छाननी ग्रामपंचायत, जिल्हा आणि वरची समिती अशी तीन टप्प्यांत. मिळतं काय : पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजारांचं व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजाने तारणाशिवाय कर्ज. कर्ज पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत (१८ महिन्यांत फेड), ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत (३० महिने). कुटुंबातल्या एकालाच. घरात नवरा, बायको किंवा अविवाहित मूल सरकारी नोकरीत असेल तर मिळत नाही. गेल्या पाच वर्षांत सरकारी योजनेतून धंद्यासाठी कर्ज घेतलेलं असेल तरीही नाही. मुद्राचं किंवा स्वनिधीचं (फेरीवाल्यांची कर्जयोजना) पूर्ण फेडलेलं असेल तर चालतं.

व्याज कमी आहे म्हणून लगेच उड्या मारू नका. १ लाख, १८ महिने, ५ टक्के म्हणजे महिन्याचा हप्ता साधारण ५,८०० रुपये. डिसेंबरात कर्ज उचललं तर जानेवारी ते ऑगस्ट आठ हप्ते, सुमारे ४६ हजार, मूर्तीचा पैसा हातात यायच्या आधीच भरायचे. कर्जातला जवळपास निम्मा पैसा असा परत जाणार. शिवाय चतुर्थी दर वर्षी सरकते. २०२५ ला ती २७ ऑगस्टला होती, २०२६ ला १४ सप्टेंबरला, म्हणजे आणखी एक हप्ता. मिळालेल्या कर्जातून पहिल्या सहा हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवूनच रंग आणि माती घ्या.

मुद्रा. शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. इथे मागायची गोष्ट म्हणजे कॅश क्रेडिट. मासिक हप्त्याचं कर्ज हंगामी धंद्याला बसत नाही; कॅश क्रेडिटमध्ये मर्यादा मंजूर होते, जेवढं वापरलं तेवढ्यावरच व्याज, आणि चतुर्थीला पैसा आला की खातं भरायचं. बँक मॅनेजर पटकन मुदत कर्जाचा फॉर्म पुढे करतो. महिन्याप्रमाणे पैसा कधी जातो, कधी येतो याचा तक्ता सोबत न्या. तो हिशेबनिसाने केलेला असला तर बोलणं सोपं होतं.

पीएमईजीपी ही केंद्राची अनुदान योजना नव्या उद्योगासाठी आहे. चालू कारखाना ‘नवा’ दाखवून अनुदान काढून देतो म्हणणारा एजंट भेटेल. पडताळणीत जुनं वीजबिल आणि जुनं उद्यम प्रमाणपत्र निघालं की प्रकरण तिथेच अडकतं आणि एजंटचे पैसे परत येत नाहीत.

अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाका. मार्चमध्ये मंजूर झालेला पैसा शाडूच्या कारखान्याला उशिराचा आहे.

९. पहिल्या तीन महिन्यांत बाहेरच्या माणसाने काय बदलायचं

दर शनिवारी अर्धा तास, एक पान, चार आकडे : या आठवड्यात किती मूर्ती पूर्ण झाल्या, किती बयाणा आला, एकूण बाकी किती, बँकेत किती. बाकीच्या गप्पा नंतर. पान भरून आलं नसेल तर बैठक घेऊ नका, पान भरायला लावा.

उधारीचा नियम एकच आणि सगळ्यांना सारखा : ऑर्डरसोबत ३० टक्के, रंगकाम सुरू झालं की २० टक्के, बाकी गाडी भरण्याआधी. जुने व्यापारी कुरकुरतील. त्यांना दहा टक्के विसर्जनानंतर द्या, त्याहून जास्त नाही. चलनाच्या दोन प्रती. साइज, नग, माती की पीओपी, आणि ‘माल सुस्थितीत मिळाला’ खाली सही. ड्रायव्हरची सही ही व्यापाऱ्याची सही नाही.

माती की पीओपी हे चलनावर लिहायचं कारण नुसता हिशेब नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या १२ मे २०२० च्या, पीओपी मूर्तींना मनाई करणाऱ्या मार्गदर्शक सूचनांनंतर हा विषय कोर्टात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जून २०२५ ला पीओपी मूर्ती करायला आणि विकायला वाट मोकळी केली, पण परवानगीशिवाय नैसर्गिक पाण्यात विसर्जन नाही असं सांगितलं. जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींसाठी कृत्रिम तलाव सक्तीचे केले. दर वर्षी नियम हलतात, आणि सोसायटी विचारते तेव्हा ‘शाडूच आहे’ हे लेखी असलेलं बरं. विक्रीच्या माणसाला हेही शिकवा की शाडूची संख्या पीओपीच्या हिशेबाने कबूल करायची नाही. शाडू प्लास्टरच्या साच्यात हाताने दाबून भरावी लागते, साचा ओला झाला की वाळवावा लागतो, जून लागला की मूर्ती वाळायचे दिवस दुप्पट होतात, आणि मोडतोड शंभरात पाचाची आठ-दहा होते. पायरी २ चं गणित शाडूसाठी वेगळं करा.

जुन्या वसुलीला सुरुवात भांडणाने नको. आधी प्रत्येकाला खातेउतारा पाठवायचा आणि ‘एवढी बाकी बरोबर आहे का’ एवढंच विचारायचं. ‘हो’ असा मेसेज आला की तो कागद झाला. नंतर हप्ते. ज्याने उत्तरच दिलं नाही आणि जो नोंदणीकृत धंदा करतो, त्याला कायदा दाखवता येतो : सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. माल मिळाल्यावर १५ दिवसांत त्याने लेखी तक्रार केली नसेल तर माल मान्य झाला असं धरतात. दावा सुविधा परिषदेकडे (छोट्या उद्योगांच्या अडकलेल्या पैशांचे वाद सोडवणारी सरकारी परिषद) ऑनलाइन करता येतो आणि व्यापारी परराज्यातला असला तरी तो तुमच्या भागातल्या परिषदेत चालतो. नोंदणीआधीच्या मालाबद्दल मात्र वाद होतो, म्हणून उद्यम आज करा. वेळेत पैसे न दिल्यास त्या व्यापाऱ्याला त्या वर्षी आयकरात तो खर्च धरता येत नाही, हे त्याच्या सीएला ठाऊक असतं. कधी कधी एवढी आठवण पुरते. गल्लीतलं मंडळ किंवा घरगुती गिऱ्हाईक यांच्यावर यातलं काही चालत नाही. तिथे गाडी भरण्याआधी पैसे, हाच कायदा.

परदेशी ऑर्डर पहिल्या वर्षी स्वतः करू नका. निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याला इथेच माल विका. मूर्ती समुद्रमार्गे जातात, माल उन्हाळ्यातच निघावा लागतो, लाकडी खोकी प्रक्रिया केलेल्या शिक्का मारलेल्या लाकडाचीच लागतात, आणि ऑस्ट्रेलियासारख्या देशात पेंढा घातलेलं पॅकिंग अडवतात. पेणच्या कारखान्यात पेंढ्याशिवाय पॅकिंग करायची सवय कारागिरांना लावणं हेच महिन्याचं काम आहे.

१०. काही बिनसलंय हे कशावरून ओळखायचं

शनिवारचं पान सलग दोनदा ‘पुढच्या आठवड्यात’ गेलं. एखादा व्यापारी तुमच्याऐवजी थेट मदतनिसाला फोन करायला लागला आणि त्याच्याच मालाचा भाव नेहमी मर्यादेला टेकलेला आहे. कारागिरांना उचल परस्पर दिली गेली. चलन नंबर मधून गळले. एकेकट्या गोष्टीवरून आरोप करू नका; चलनबुक, बँक स्टेटमेंट आणि गोडाऊनमधली प्रत्यक्ष मोजणी एकाच दिवशी समोरासमोर ठेवा. तीनही जुळले तर गैरसमज संपला. जुळले नाहीत तर फरक लिहून त्याची सही घ्या.

उलट चूकही होते, आणि ती मालकाकडून. माणूस ठेवायचा आणि मग त्याने नाही म्हटलेल्या व्यापाऱ्याला रात्री फोन करून उधारीवर माल द्यायचा. एकदा असं झालं की सगळ्या बाजाराला कळतं, मॅनेजरला विचारायची गरज नाही. भीडेपोटी द्यायचाच असेल तर तो माल घरखर्चात, तुमच्या नावावर टाकायला हिशेबनिसाला सांगा. वर्षाअखेर तो आकडा दिसू द्या.

११. हंगामानंतर

ठेवायचं की सोडायचं हे पितृपक्षात ठरवा, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी नाही. तेव्हा सगळेच थकलेले आणि चिडलेले असतात. बघायचं फक्त हे : एकूण बाकी गेल्या वर्षीपेक्षा कमी झाली का, आणि मूर्तीमागे सुटलेले पैसे त्याच्या मानधनापेक्षा जास्त आहेत का. पहिल्या वर्षी पहिलं उत्तर ‘हो’ आणि दुसरं ‘बरोबरीत’ आलं तरी माणूस ठेवा.

सोडत असाल तर त्याच्याकडून ताब्यात घ्यायचं : वह्या, चलनबुकं (कोरीसुद्धा), गिऱ्हाइकांची यादी, फोटो, ईमेल आणि सोशल मीडियाचे पासवर्ड, गोडाऊनची किल्ली, आणि नंबर टाकून मोजलेले साचे. बँकेत बघण्याची परवानगी दिली होती ती त्याच दिवशी बंद करा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा नंबर त्याच्या सिमवर असेल तर तो कारखान्याच्या सिमवर आणा आणि सगळ्या गिऱ्हाइकांना नव्या नंबरवरून एक मेसेज टाका. माघी गणपतीच्या ऑर्डरी दिवाळीनंतर लगेच यायला लागतात, त्याआधी हे उरकलेलं असू दे.